शुक्रवारची दिवेलागण

अंगारकी चतुर्थी जवळ आली, की जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. कोणाचे मूल आजारातून उठलेले असते, कोणाच्या विहिरीस पाणी लागलेले असते. बोललेला नवस फेडावयास ही मंडळी गणपतीच्या दर्शनाला पायी निघालेली असतात. नवस ही गोष्ट आपणांस नवी नाही. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, आपलीच मराठी बोलणारी अशी काही कुटुंबे आहेत, की त्यांच्या घरी नवस फेडावयाचा झाला म्हणजे समोर मूर्ती नसते. एका मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ आणि ओले खोबरे कालवून त्यांची रास घालतात, वेलदोड्याचा वास येत असतो, भोवती निरनिराळी फळे मांडलेली असतात. आणि घरातील लहानथोर त्या ताटाभोवती जमून हिब्रू भाषेत एका प्रेषिताचे स्तवन गातात. त्या ताटाला मलिदा म्हणतात. प्रेषिताचे नाव एलियाहू. ही कुटुंबे बेने इस्राएल लोकांची, म्हणजे महाराष्ट्रातील यहुदी लोकांची होत. 'बेने इस्राएल' ह्या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्राएलाची लेकरे' असा आहे.

मराठवाड्यातील मुलांना यहुदी माणूस क्वचितच भेटतो. मी शाळेत शिकवीत असताना एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, यहुद्यांचे देऊळ कसे असते?" मी त्याला फळ्यावर सिनेगॉगचे चित्र काढून दाखविले आणि मोकळा झालो. ते उत्तर अपुरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. कारण बेने इस्राएलांना कित्येक शतके सिनेगॉग नव्हतेच. धर्मग्रंथही नव्हता, धर्मोपदेशकही नव्हता. त्यांच्याजवळ होते ते फक्त घर.

त्यांची परंपरागत कथा अशी आहे : फार प्राचीन काळी दूर देशाहून आलेले एक गलबत कोकणच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि अलिबागजवळच्या नवगाव येथे किनाऱ्याला लागल्या. हे केव्हा घडले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कथा मात्र घरोघर सांगितली जाते. बरोबरचे सामान समुद्रात गेले, त्यात पोथ्याही गेल्या, असे म्हणतात. पुढे ही मंडळी कोकणातील गावोगाव पांगली. ज्या गावी राहिली त्या गावाचे नाव त्यांनी घेतले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा धंदा झाला. हिब्रू भाषा हळूहळू विसरली गेली आणि मराठी हीच त्यांची मायबोली झाली.

एवढे सगळे विसरल्यावर मागे काय उरले? पहिली गोष्ट म्हणजे शनिवार. यहुदी धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंतचा काळ विश्रांतीचा व पवित्र मानलेला आहे. ह्याला शब्बाथ म्हणतात. त्या काळात कष्टाचे काम करावयाचे नाही, विस्तव पेटवावयाचा नाही. आणि हा नियम केवळ मालकापुरता नाही, तो चाकराला लागू आहे आणि गोठ्यातील जनावरालाही. म्हणून कोकणातील ह्या तेल्यांचा घाणा शनिवारी बंद असे व बैलही दावणीला निवांत रवंथ करीत उभा असे. गावकऱ्यांनी ते पाहिले आणि त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. ज्या लोकांना स्वतःच्या इतिहासाचे एक पानही वाचता येत नव्हते, त्यांची ओळख एका बंद घाण्याने सांभाळली!

दुसरी गोष्ट म्हणजे प्रार्थना. देव एकच आहे, अशी ग्वाही देणारी 'शमा' नावाची एक छोटी प्रार्थना त्यांना पाठ होती. मुलाचे नाव ठेवताना, लग्नात, माणूस गेला तरी, प्रत्येक प्रसंगी हीच एक प्रार्थना ते म्हणत.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरात होती. तिच्याविषयी एक कथा सांगतात. दाविद रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी गृहस्थ कोकणात आला. हे शनवार तेली खरोखर आपल्या धर्माचे आहेत काय, असा त्याला संशय होता. त्याने एका घरातील बायकांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले. त्या बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले. बाकीचे बाजूला सारून त्या म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. त्या बायकांनी शास्त्र वाचलेले नव्हते. आईने जे केले ते लेकीने पाहिले आणि लेकीने जे केले ते नातीने पाहिले, एवढेच त्यांचे शिक्षण! रहाबीची खात्री पटली. त्याने तीन पुरुषांना धर्मविधी शिकवून तयार केले आणि लोक त्यांना काझी म्हणू लागले. परीक्षेत उतरल्या बायका आणि पदवी मिळाली पुरुषांना, हे मला ह्या कथेत नेहमी खटकते.

सणांची नावेही ह्याच घरगुती वळणाची होती. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. एका सणाला खीर होई, म्हणून तो 'खिरीचा सण'. प्राचीन यरुशलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या दिवसाचा उपवास हे लोक पाळीत. उपवास सोडताना केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढीत, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'. सर्वांत गंभीर दिवस म्हणजे योम किप्पुर. ह्या दिवशी वर्षभरातील चुकांबद्दल देवाजवळ क्षमा मागावयाची असते. कोकणातील बेने इस्राएल त्या दिवशी घराची दारे लावून घेत, पांढरी वस्त्रे नेसत, अन्नपाणी वर्ज्य करीत. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई आणि लोक एकमेकांच्या घरी जात.

आता एका घरातील शुक्रवारची संध्याकाळ पाहू. दुपारपासून आईची घाई चाललेली असते. कारण उद्या चूल पेटवावयाची नाही, तेव्हा दोन दिवसांचे रांधणे आजच व्हावयास हवे. रश्शाला नारळाचा रस घातलेला आहे. मांसाबरोबर दूधदुभते खावयाचे नाही असा त्यांचा नियम आहे. कोकणच्या नारळाने ही अडचण परस्पर सोडविली. सूर्य मावळण्यापूर्वी आई दिवा लावते. जुन्या घरांत काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि त्यात वात, असा दिवा असे. नंतर वडील पेला हातात घेऊन आशीर्वचन म्हणतात. पेल्यात द्राक्षाचा रस असावा, असा रिवाज आहे. पण कोकणात द्राक्षे कोठून आणावयाची? म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करण्याची चाल पडली. पेला हातोहात सर्वांकडे फिरतो. भाकरीचा तुकडा मोडून सर्वांना वाटतात. वडील मुलांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद देतात. लहानमोठे एकमेकांचे हात हातात घेतात आणि मग आपली बोटे आपल्या ओठांना लावतात. ह्याला 'हातबोशी' म्हणतात. सगळा आठवडा पैशाची ओढाताण झालेली असो, बहीणभावांचे भांडण झालेले असो. ह्या वेळी सर्वजण स्वच्छ कपडे घालून एका दिव्यापाशी बसलेले असतात. आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही कामावर जावयाचे नसते. मुलांना ह्याहून मोठा आनंद तो कोणता?

मुलांचा खरा मान मात्र वल्हांडणाच्या रात्री. मिसर देशातील गुलामगिरीतून यहुद्यांची सुटका झाली, तिची आठवण ह्या सणात करतात. त्या दिवसांत खमीर घातलेले काहीही चालत नाही. साधी बिनखमिराची भाकर, कडू पाला आणि खजुराचा घट्ट पाक पानात असतो. जेवणाआधी घरातील सर्वांत लहान मूल उठून विचारते, की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? विधी पुढे चालावयाचा तो ह्या प्रश्नाच्या उत्तरादाखल. 1846 साली मुंबईत ह्या रात्रीची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, तेव्हा उत्तर मुलाला समजेल अशा भाषेत मिळू लागले. त्याच रात्री एलियाहू प्रेषितासाठी एक पेला भरून ठेवण्याची आणि त्याच्यासाठी दार उघडण्याचीही चाल आहे. एलियाहू अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेला, अशी यहुद्यांची श्रद्धा आहे. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, असे बेने इस्राएल मानतात व तेथे यात्रेला जातात.

सिनेगॉग पुढे आले आणि तेही एका नवसातून. सामुएल दिवेकर हा इंग्रजांच्या फौजेतील अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असे त्याने मनाशी ठरविले, असे सांगतात. तो सुटला आणि 1796 साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. पुढे पनवेल, अलिबाग, ठाणे, पुणे येथेही सिनेगॉगे झाली. 1880 च्या सुमारास काही बेने इस्राएल गृहस्थांनी मराठी कीर्तनेही सुरू केली. समर्थांचे जांब आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे कीर्तनाचा थाट आपणांस परिचित आहे. साकी, दिंडी, आर्या सर्व तेच, आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे.

1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे तिकडे गेली. पूर्वजांच्या भूमीत पोहोचल्यावर त्यांच्यापुढे रहाबीचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका काढली. कित्येक शतके शनिवार पाळणाऱ्या परंपरेला ही गोष्ट झोंबल्यावाचून कशी राहील? त्यांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. अखेर 1964 च्या ऑगस्ट महिन्यात तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, असे जाहीर केले.

महाराष्ट्रात राहिलेल्या यहुद्यांना राज्य सरकारने 2016 साली अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. त्यांची संख्या आता अगदी थोडी आहे. तिकडे गेलेली कुटुंबे लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांतून राहतात. तेथे बाजारात सगळीकडे हिब्रू चालते. नातवंडांना मराठी मोडकी येते. पण कोणी नवे घर घेतले, म्हणजे आजी पोहे भिजत घालते, खोबरे खवते आणि मलिद्याचे ताट मांडावयास बसते.