लाईट असेपर्यंत

सकाळी ६. घनसावंगीत पहाटे नेट जरा चपळ असतं, म्हणून डेबियन आणि उबंटूच्या क्लाउड इमेज आताच उतरवून ठेवल्या. बॅकएंड कुठलाही ठरो, मूळ इमेज घरातल्या डिस्कवर असलेली बरी.

८. काम असं: आमची टीम सर्व्हर उभारणारे ॲन्सिबल रोल लिहिते, मॉलिक्यूल ते तपासतं. त्यासाठी लागणारं यंत्र मॉलिक्यूल दुसऱ्याकडून मागून घेतं. कुणाकडून, म्हणजे बॅकएंड कोणता, ते आज ठरवायचं.

९. डॉकर. कंटेनर क्षणात उभा राहतो. पॅकेज बसलं का, फाइल जागेवर आहे का, एवढंच पाहायचं तर दुसरं काही नको. पण त्याला स्वतःचा कर्नल नसतो, आणि आमचा रोल नेमका कर्नलशी खेळतो: मॉड्यूल चढवतो, सिसकंट्रोल बदलतो, रीबूटनंतर सेवा आपोआप उठते का ते बघतो. कंटेनरला जादा अधिकार देऊन रोल चालवला तर स्वॅपिनेससारखी सेटिंग माझ्याच लॅपटॉपची बदलते. चाचणी हिरवी होते खरी, पण तपासलं गेलं भलतंच यंत्र. असली हिरवी खूण मला लालपेक्षा घातक वाटते.

११. व्हर्च्युअलबॉक्स. २०१० मध्ये आभासी यंत्रं उभारून देणारं व्हेग्रंट आलं ते याच्याच भरवशावर, त्यामुळे जुन्या टीममध्ये सगळ्यांच्या हाताला हेच बसलेलं. माझ्या लॅपटॉपवर कर्नल ६.१२ आहे, त्यात केव्हीएमचं, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या आभासीकरणाचं, मॉड्यूल चढताच प्रोसेसरची आभासीकरणाची सोय ताब्यात घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्सचं यंत्र सुरूच होत नाही. मॉड्यूल उतरवलं की चालतं. पण दर वेळी कोण उतरवणार?

१. लाईट गेली. राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप बॅटरीवर. बापू मोसंबीच्या बागेतून जेवायला आले. "शेताची लाईट आज रातची हाय. तुझं काम कधी हाय?" म्हणाले. माझंही तसंच, म्हटलं.

२. केव्हीएम. २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, वेगळं बसवण्यासारखं फार काही नाही. मला भावला तो क्यूकाऊ-२ चा थर: मूळ इमेजला हात न लावता बदल तेवढे वेगळ्या फाइलीत जातात, चाचणी संपली की पाटी पुसावी तशी ती फाइल पुसायची. नवं यंत्र काही उतरवून न घेता, बॅटरीवरसुद्धा उभं राहतं. रीबूट होतं ते खरंखुरं.

४. पुण्याच्या सहकाऱ्याचा फोन. "अरे, सरळ क्लाउडवर टाक ना, मुंबई रीजन आहे की." आहे, २०१६ पासून. पण यंत्र मोडण्याच्या पायरीला माझं नेट गेलं तर ते तिकडे रात्रभर बिल चढवत बसेल. "मग आठवड्यातून एकदा तिकडे चालव," तो म्हणाला. ते पटलं.

६. ठरलं ते लिहून टाकलं. साधे रोल डॉकरवर. कर्नल, फायरवॉल, रीबूट केव्हीएमवर. आठवड्याची फेरी क्लाउडवर, पुण्याहून. विंडोज ११ वाल्यांना डब्ल्यूएसएल-२ च्या आत केव्हीएम चालतं. ॲपलच्या चिपवाल्या मॅकबुकवर मात्र केव्हीएम नाही, आणि आमच्या इंटेल इमेज तिथे नुसत्या अनुकरणावर रांगत चालतात. टीममध्ये असा मॅकबुकवाला एकच आहे. त्याच्याशी उद्या बोलायचं.