बेट कुठलं, ते पासपोर्टाला विचारा

सकाळी ७.३०

चहा गाळत होते तेवढ्यात न्यू जर्सीचा मेसेज आला. तिकडे रात्रीचे नऊ. पोरं झोपली की तिथल्या आयांना सुट्टीचे बेत सुचतात. ‘ताई, आईबाबा मार्चअखेर येतायत. एप्रिलात मुलांच्या शाळेला सुट्टी आहे, सगळे मिळून कॅरिबियन करू. आठ दिवस. चारपाच बेटं होतील ना?’

नकाशात ही बेटं एकमेकांना खेटून बसलेली दिसतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मधे विमान असतं, पुन्हा इमिग्रेशनची रांग आणि नवं चलन. बार्बाडोसचा डॉलर निराळा, ग्रेनाडा-सेंट लुशियाचा निराळा, त्रिनिदादचा आणखी निराळा. आठ दिवसांत चार बेटं म्हणजे समुद्र बघायचा तो विमानाच्या खिडकीतून. मी उत्तर टाकलं, ‘एक. फार तर दीड.’

१०.३०

ठाण्यातलं आमचं सहलींचं ऑफिस. फाइल उघडली की आधी हवामान. जून २०२४ मध्ये ब्रिजटाउनला विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे तिथेच अडकून पडला, तेव्हापासून पार्ट्या भाव विचारायच्या आधी वादळाचं विचारतात. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. एप्रिलला धोका नाही.

मग रस्ता. मुंबईहून थेट विमान नाही. लंडनमार्गे जावं तर विमान उतरतं हीथ्रोला आणि पुढची बरीच विमानं सुटतात गॅटविकहून, म्हणजे ब्रिटनचा व्हिसा आला. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. काकाकाकूंकडे, म्हणजे न्यू जर्सीवालीच्या आईबाबांकडे, तो दहा वर्षांचा आहे. शिवाय बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, त्रिनिदाद इथे भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा घ्यावा लागत नाही. एवढ्यावर फाइल सोपी वाटत होती.

११.४५

काका स्वतःच आले. बँकेतून रिटायर झालेले, पायऱ्या चढून दम लागलेला, खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, “पोरी, समुद्र आपल्याला अलिबागलाही आहे. मला क्वीन्स पार्क ओव्हल दाखव.”

म्हणजे त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन. मार्च १९७१. वाडेकर कर्णधार, सरदेसाईंचं शतक, गावसकरांचं पदार्पण, ६५ आणि नाबाद ६७, आणि वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय. काका तेव्हा आठवीत होते. गावसकरांच्या चार कसोटींत ७७४ धावा, हा आकडा त्यांनी मला तीनदा सांगितला. मीही तीनदा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला. या धंद्यात हे यावंच लागतं.

त्रिनिदादला एक मेख आहे: यलो फीवर. त्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं कार्ड नसलं, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. साठी ओलांडलेल्यांना ही लस द्यायला डॉक्टर कचरतात, आणि काका अडुसष्टचे. पण त्रिनिदादहून ते लेकीकडे परतणार, तिथे पुढे महिनाभर राहणार. ते सहा दिवस न्यू जर्सीतच निघून जातात. क्रम तेवढा उलटा होता कामा नये. कार्डाचा प्रश्न सुटला, तरी हा ताप पसरवणाऱ्या डासांसाठी डॉक्टरांना विचाराच, असं बजावलं.

१.१५

डबा. भेंडी.

२.००

लेकीने रात्रीच सगळ्यांचे पासपोर्ट स्कॅन करून पाठवले होते. नातवंडं अमेरिकन. लेकीचा व्हिसा चालू आहे. जावईबापूंचा एच-१बी, नोकरीची मुदत वाढल्याची अ‍ॅप्रूव्हल नोटीस कडक इस्त्रीची, पण पासपोर्टातलं स्टॅम्पिंग संपलेलं.

अमेरिकेच्या आत राहायला ती नोटीस पुरते. बाहेर पाऊल टाकलं की परत यायला पासपोर्टात व्हिसा लागतो. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना एक सवलत आहे. शेजारच्या बेटांसाठी ती फक्त विद्यार्थी आणि एक्सचेंजवाल्यांना. एच-१बीला नाही. ‘कॅनडाला चालतं, मग बार्बाडोसला का नाही?’ हे मला पुष्कळांनी विचारलंय. विमान कंपनी परतीच्या काउंटरवर अडवते आणि बायकोमुलं पुढे, नवरा मागे अशी स्थिती होते. समुद्र एकच, पण प्रत्येक नारळाखाली वेगळ्या देशाचं कार्यालय बसलेलं आहे.

म्हणून बेट असं हवं की जिथे जाताना अमेरिका सोडावीच लागत नाही. दोन पर्याय: यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि पोर्टो रिको. पहिल्याहून परतताना इमिग्रेशन तपासणी होते. पोर्टो रिकोहून शेतमालासाठी बॅगा तेवढ्या तपासतात. न्यूअर्कहून सॅन हुआनला चार तासांत थेट. मी पोर्टो रिकोवर खूण केली.

३.३०

आता मजेचं काम. जुन्या सॅन हुआनमध्ये निळसर दगडांचे रस्ते आणि एल मोरो किल्ला, त्याच्या हिरवळीवर पोरं पतंग उडवतात. एक दिवस एल युंकेच्या पर्जन्यवनात. पण पोरांना हवंय ‘चमकणारं पाणी’. खाडीत सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की निळा उजेड देतात. सर्वांत प्रसिद्ध खाडी व्हिएकेस बेटावरची. तिथे बोट धरायची, वर कयाक वल्हवायची. काकूंच्या गुडघ्यांना हे झेपणारं नाही. नैऋत्येला ला पार्गेराला मोटारबोट मिळते. गाडीने अडीच तास, चालेल.

चमकणारं पाणी दिसायला अंधार लागतो. ईस्टर येतो पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणजे त्या सुट्ट्यांत चांदणं हटकून असणार. मी कालनिर्णय काढलं. संकष्टीला उपास सोडायला ज्याने ताटकळून चंद्राची वाट पाहिलीय त्याला हे सांगायला नको: त्या दिवशी तो अंधार पडल्यावर बराच उशिरा उगवतो, पुढे रोज आणखी उशिरा. मुलांची सुट्टी ईस्टरनंतरच्या आठवड्यात आहे. पंचमी-षष्ठीला आठची बोट पकडली की पाणी काळंकुट्ट मिळेल. बहुतेक लोक आधी हॉटेल घेतात, मग तिथी बघतात.

५.००

मधेच राजस्थानच्या ग्रुपची वेटिंग लिस्ट. चोवीस माणसं, वीस कन्फर्म. इतकंच.

६.४५

सॅन हुआनला सव्वानऊ. हॉटेलला फोन: सहा माणसं, लागून दोन खोल्या, लिफ्ट, छोटं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर काकूंसाठी. पोर्टो रिकोत तुरीचे दाणे घातलेला भात घरोघरी होतो, ऐकून काकू खूष झाल्या होत्या. पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, मोफोंगो नावाच्या तिथल्या पदार्थातही तेच. कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले काप मात्र बिनधास्त खा म्हटलं.

७.३०

लेकीला फोन. जावईबापू मागून, “पण ऑफिसमधले सगळे अरूबाला जातात.” मी त्यांना त्यांच्या पासपोर्टाचं पान पाठवलं. पुढचं संभाषण लेकीने सांभाळलं.

ठरलं ते असं: सहाजण पोर्टो रिको, सहा रात्री. मग काकाकाकू दोघंच न्यूयॉर्कहून त्रिनिदाद, चार रात्री. संध्याकाळी कारोनीच्या दलदलीत लाल आयबिस पक्ष्यांचे थवे उतरताना बघायला काकू, ओव्हल बघायला काका. हेच माझं दीड बेट. काकांना एक ताकीद: त्रिनिदादहून परतल्यावर अमेरिकेत राहायला नवे सहा महिने मिळतील हे धरून चालू नका, पहिलीच तारीख पाळा.

१०.१५

कोटेशन गेलं, विमानाच्या जागा उद्या रात्रीपर्यंत होल्डवर. काकांचा फोन: “त्या आठवड्यात ओव्हलवर मॅच आहे का गं? नसली तर नुसतं आत सोडतात का?” मैदान क्लबच्या मालकीचं आहे. पोर्ट ऑफ स्पेनला पाऊण वाजलाय, दुपारचा. मेल टाकला आणि काकांना म्हटलं, उत्तर सकाळी सांगते, आता झोपा.