काळ्या पाषाणातील निळे स्फटिक

दख्खनचा काळा पाषाण महाराष्ट्रात बांधकामाचा दगड म्हणून परिचित असला, तरी खनिजशास्त्रात त्याची ख्याती त्याच्या पोटातील पोकळ्यांमुळे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे त्यात अडकले, आणि त्यांच्या जागी राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने विरघळवून आणलेली द्रव्ये स्फटिकरूपाने साचली. त्यांतील मोठे कूळ झिओलाइटांचे, म्हणजे आपल्या सच्छिद्र सांगाड्यात पाणी धरून ठेवणाऱ्या आणि तापवताच ते सोडून देणाऱ्या सिलिकेट खनिजांचे.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींचे नाव जगभर गेले ते मात्र कॅव्हनसाइटमुळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन या घटकांवरून नाव मिळालेले हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले. परंतु त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीने दिले. पांढुरक्या स्टिल्बाइट या झिओलाइटावर बारीक सुयांचा गडद निळा गेंद फुललेला असतो, हा रंग व्हॅनेडियमचा असतो, आणि खाली स्टिल्बाइट, वर कॅव्हनसाइट या क्रमावरून पोकळीत आधी काय साचले व नंतर काय, हे वाचता येते.

असा नमुना अखंड काढणे ही खाणीतल्या हाताची विद्या आहे. जाणता कामगार स्फटिकाला स्पर्शही न करता भोवतालच्या पाषाणात दूरवरून छिन्नी चालवतो, कारण याच पोकळ्यांतील खनिजांपैकी सुयांसारखे स्कोलेसाइट बोटाच्या धक्क्यानेही मोडते, तर ॲपोफिलाइट एका ठरावीक दिशेने सहज दुभंगते. लोमोंटाइटची गोष्ट त्याहून बिकट आहे, कारण पोकळीबाहेरच्या कोरड्या हवेत त्यातील पाणी उडू लागते आणि जपून काढलेला स्फटिकही हळूहळू भुगा होतो.

खरी अडचण अशी की या खाणी स्फटिकांसाठी चालतच नाहीत. तेथे हिशेब खडीचा, म्हणजे १०० घनफुटांच्या ब्रासचा असतो; बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिज ठरतो आणि त्याचे स्वामित्वधन भरले जाते, परंतु सुरुंग उडाल्यापासून दगड क्रशरमध्ये पडेपर्यंतच्या अवधीत पोकळी ओळखणाऱ्या नजरेला त्या हिशेबात जागा नाही. त्या अवधीत कोणाचे लक्ष गेले नाही, तर स्फटिक खडीबरोबर रस्त्याच्या थरात जातात. जे वाचतात, त्यांच्यासोबतही खाणीचे नाव, लाव्ह्याचा थर व पोकळीची खोली यांची नोंद क्वचितच जाते, आणि अनेक हातांतून फिरलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते ‘पुणे’ उरते. पुण्याच्या वाढत्या वस्तीने वाघोलीला वेढल्यानंतर तर ही नोंद मागाहून पडताळण्याची वाटही अरुंद होत चालली आहे, कारण उघडा कडा बुजला किंवा त्यावर इमारत उभी राहिली, की तो नमुना कोणत्या थरातून आला हे ठरवायला खडकच समोर राहत नाही.