'स्पोर्ट्स मशीन'चा चालक

जॉर्ज मायकल म्हटले, की आपल्याला पॉप गायकच आठवतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र पाव शतकाहून अधिक काळ हे नाव उच्चारताच लोकांच्या डोळ्यांपुढे येत असे, तो 'चॅनेल ४'वर क्रीडावृत्त सांगणारा निवेदक.

अमेरिकेतील दूरचित्रवाणीची रचना आपल्यापेक्षा थोडी निराळी आहे. एनबीसी, सीबीएससारख्या मोठ्या कंपन्यांचे कार्यक्रम प्रत्येक शहरातील स्थानिक केंद्रामार्फत घरोघरी पोहोचतात. संध्याकाळच्या आणि रात्री अकराच्या बातम्या मात्र त्या केंद्राच्या स्वतःच्या असतात. त्यात शहराची खबरबात, हवामान आणि शेवटची काही मिनिटे खेळांना. ही मोजकी मिनिटे सांभाळणारा निवेदक हळूहळू त्या शहराच्या घरातलाच होऊन जातो.

मायकल या पेशात आले ते आडवाटेने. १९३९ मध्ये सेंट लुईस येथे जन्मलेल्या मायकल यांचे मूळ आडनाव गिम्पेल. साठच्या दशकात फिलाडेल्फियात आणि १९७४ पासून न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर गाणी लावणारा 'डिस्क जॉकी' म्हणून त्यांनी नाव कमावले. न्यूयॉर्कमध्ये असतानाच ते आइस हॉकीच्या समालोचनाकडे वळले आणि १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी या केंद्रात क्रीडानिवेदक म्हणून रुजू झाले.

त्या काळी स्थानिक निवेदक आपल्या शहरातील संघाची दृश्ये दाखवत आणि इतर सामन्यांचे केवळ निकाल वाचत. मायकल यांनी उपग्रहाचा आधार घेतला. दूरदूरच्या शहरांतील सामन्यांची निवडक क्षणचित्रे मिळवून रविवारी रात्री ती एकत्र दाखवण्यास त्यांनी प्रारंभ केला. या स्थानिक कार्यक्रमातूनच १९८४ मध्ये देशभर प्रसारित होणारा 'द जॉर्ज मायकल स्पोर्ट्स मशीन' आकाराला आला. स्टुडिओत एक भलेमोठे बनावट यंत्र असे. मायकल त्याचे बटण दाबत आणि दृश्ये सुरू होत. बेसबॉल, फुटबॉलच्या जोडीला मोटारशर्यती, रोडिओ आणि व्यावसायिक कुस्तीलाही तेथे मानाचे पान मिळे. क्रीडावाहिनी ईएसपीएन १९७९ मध्येच सुरू झाली होती. पण असंख्य घरांत अद्याप केबल पोहोचलेली नव्हती. देशभरातील सामने पाहण्याची त्यांची तहान हे 'यंत्र' भागवत असे.

त्यांचे प्रतिस्पर्धीही तोलामोलाचे होते. 'चॅनेल ९'चे ग्लेन ब्रेनर खेळाकडे विनोदबुद्धीने पाहत. ब्रेनर यांचे मेंदूतील गाठीमुळे जानेवारी १९९२ मध्ये अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी निधन झाले, तेव्हा सारे शहर हळहळले. स्थानिक निवेदकाशी प्रेक्षकांचे नाते किती घट्ट असते, याचा तो प्रत्यय होता.

पुढे काळ बदलला. केबल घरोघरी गेली, इंटरनेट आले, क्षणचित्रांसाठी रविवार रात्रीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मायकल यांनी लोकांना जी सवय लावली, तीच त्यांच्या कार्यक्रमाच्या मुळावर आली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. २००६ मध्ये एनबीसीने खर्चकपातीचे धोरण जाहीर केले. मायकल यांच्या क्रीडा विभागातील माणसेही कमी होणार होती. सहकाऱ्यांना घरी पाठवून स्वतःची खुर्ची राखण्याऐवजी मायकल यांनी क्रीडानिवेदकाचे पद सोडणे पसंत केले. २५ मार्च २००७ रोजी 'स्पोर्ट्स मशीन'चा अखेरचा भाग प्रसारित झाला. २४ डिसेंबर २००९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आज कोणत्याही सामन्यातील क्षण काही सेकंदांत मोबाइलवर येतो. जगभरातील सामने हाताशी आले, ही सोय मोठीच. मात्र गावातल्या संघाच्या पराभवाने आपल्याइतकाच खट्टू होणारा, रोज ठरलेल्या वेळी भेटणारा ओळखीचा माणूस त्या दृश्यांसोबत येत नाही. मायकल यांच्या कारकिर्दीकडे पाहताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.