मराठी संकेतस्थळांची बांधणी व सुधारणा : विकसकांच्या अनुभवातून पुढे येणारे काही प्रश्न

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यात मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे आहे आणि शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे. जिल्ह्यातील माणूस या दोहोंत गल्लत करीत नाही. संकेतस्थळाच्या शोधपेटीला मात्र हे ज्ञान उपजत नसते. जुन्या पाट्यांवर व दप्तरात हेच नाव ‘तळेगांव’ असे अनुस्वारासह आढळते, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतरच्या लेखनात ते ‘तळेगाव’ असे होते. ‘शिरूर’ची स्थितीही तीच, उपान्त्य अक्षर दीर्घ असावे असा नियम असला तरी ‘शिरुर’ हे ऱ्हस्व रूप सर्रास दिसते. वाचकाच्या दृष्टीने ही एकाच नावाची दोन रूपे होत, संगणकाच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठी संकेतस्थळ उभारणाऱ्या विकसकाचे निम्मे कष्ट अशा ठिकाणी खर्ची पडतात. त्या कष्टांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाविद्यालयीन अध्यापकांशी या विषयाचा संबंध निकटचा आहे, कारण प्रवेशाच्या सूचनांपासून वार्षिक गुणवत्ता अहवालापर्यंत आणि संशोधनलेखांपर्यंतचा मजकूर त्यांच्याच हातून संकेतस्थळाकडे जात असतो.

अक्षर की अक्षराचे चित्र?

१९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर आला तो प्रामुख्याने विशिष्ट फाँटच्या आधारे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले होते आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले होते. तथापि सर्वसामान्य संगणकात युनिकोड देवनागरीची सोय येण्यास विंडोज २००० ची वाट पाहावी लागली. मधल्या काळात प्रत्येक मुद्रणालयाने, दैनिकाने व कार्यालयाने आपापला फाँट वापरला. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. उदाहरणार्थ, कृतिदेव फाँटमध्ये रोमन ‘डी’ या लहान अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र आहे. म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाने साठवलेला असतो तो ‘डी’च. फाँट बदलला की मराठी नाहीशी होते.

या पद्धतीत केलेली संकेतस्थळे वाचण्यासाठी वाचकाला आधी फाँट उतरवून घ्यावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९७ च्या सुमारास ‘डायनॅमिक फाँट’ आले, परंतु त्यांची रूपे ब्राउझरगणिक भिन्न होती. शोधयंत्राच्या दृष्टीने तर असे पान म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. वर्षानुवर्षे लिहिलेला मराठी मजकूर महाजालावर असूनही शोधाच्या कक्षेबाहेर राहिला, ही हानी लहान नाही.

१९९६ मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’, १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडिया आणि २००४ मधील ‘मनोगत’ यांनी मराठीत लिहिणाऱ्यांचा एक वर्ग महाजालावर घडवला. युनिकोडमध्ये लिहिता येते आणि लिहिलेले शोधताही येते, हे या वर्गाला अनुभवाने पटले. महाविद्यालयांच्या कार्यालयात ही जाणीव बरीच उशिरा पोहोचली. काही नियतकालिके लेख आजही जुन्या फाँटमध्येच मागवतात, ही त्यातील गमतीची बाब.

रूपांतराचे काम

जुने संकेतस्थळ सुधारावयास घेतले की विकसकापुढे पहिले काम येते ते रूपांतराचे. हे काम अक्षरास अक्षर ठेवण्याइतके सोपे नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने. ‘शिरूर’ या शब्दात वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या मजकुरात ती ‘श’च्या आधी असते; युनिकोडमध्ये ‘श’ आधी व वेलांटी नंतर. रफाराचे नेमके उलट आहे. ‘धर्म’ या शब्दात रफार ‘म’च्या डोक्यावर असल्याने जुन्या पद्धतीत तो ‘म’नंतर टंकला जातो, पण उच्चारक्रमात ‘र्’ हा ‘म’च्या आधी आहे. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो. जोडाक्षरावर वेलांटी व रफार दोन्ही असतील तर चुका हमखास होतात. यंत्राने केलेले रूपांतर मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने वाचल्याखेरीज प्रसिद्ध करू नये, असा अनुभवी विकसकांचा आग्रह असतो तो यामुळेच.

युनिकोड स्वीकारल्यावरही प्रश्न संपत नाहीत. पुणे जिल्ह्यातील ‘कऱ्हा’ नदीचे नाव घ्यावे. यातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या वर्णाचेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. त्याआधीचा मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला आहे. यावर उपाय असा की, शोधासाठी मजकुराची एक वेगळी प्रत ठेवावी आणि तिच्यात ही सर्व रूपे एकाच रूपात आणावीत. अनुस्वाराची जुनी रूपे आणि ऱ्हस्व-दीर्घाचे भेदही याच प्रतीत मिटवता येतात. वाचकाला दिसणाऱ्या मजकुराला मात्र हात लावू नये. लेखकाचे शुद्धलेखन परस्पर बदलण्याचा अधिकार शोधयंत्रणेला नाही.

वर्णक्रम

विद्यार्थ्यांची यादी किंवा ग्रंथालयाची सूची संकेतस्थळावर देताना एक विचित्र दोष आढळतो. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावला तर ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येते, मराठी कोश उघडून पाहणाऱ्यास ते नंतर अपेक्षित असते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांनाही मराठी क्रमात अखेरचे स्थान आहे, संगणक मात्र त्यांना ‘क’ व ‘ज’ यांच्यात मोजतो. विदागारात मराठीसाठीचा वर्णक्रम निवडल्यास हा दोष दूर होतो. ही निवड बहुधा कोणी करीत नाही.

वेग आणि वाचनीयता

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, रोमन अक्षर एक. मजकुराचे आकुंचन करून पाठवण्याची सोय सर्व्हरवर चालू केल्यास या फरकाचा भार पुष्कळ हलका होतो. खरा भार असतो तो अन्यत्र. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची धारिका मोठी असते आणि ती उतरेपर्यंत काही ब्राउझर मजकूर दाखवतच नाहीत. संथ जोडणीवर मोबाइल धरून बसलेल्या विद्यार्थ्याला कोरे पान दिसते. म्हणून उपकरणातील फाँटमध्ये मजकूर आधी दाखवावा आणि सुबक फाँट मागाहून येऊ द्यावा, ही सूचना पानात लिहावी लागते.

तीन बाइटांचा आणखी एक परिणाम बातम्यांच्या सारांशात दिसतो. ‘पुढे वाचा’पूर्वीचा मजकूर बाइट मोजून तोडला तर शेवटचे अक्षर अर्धवट कापले जाऊन तेथे प्रश्नचिन्हाचा चौकट-चौकोन उमटतो. चिन्हे मोजून तोडल्यास तो जातो, पण मात्रा व्यंजनापासून तुटण्याचा धोका उरतोच. पूर्ण शब्दावर थांबणे सर्वांत बरे. इंग्रजी पानासाठी केलेला आराखडा जसाच्या तसा मराठीला लावला तर ओळींमधील अंतर कमी पडते, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची हौस इंग्रजीत खपून जाते, मराठीत तिने शिरोरेषा तुटते.

यापेक्षाही गंभीर बाब म्हणजे सूचनाफलकाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर चढवण्याची सवय. शिक्का व स्वाक्षरी असलेला कागद ‘स्कॅन’ केला की काम झाले असे कार्यालयास वाटते. त्या चित्रातील शिष्यवृत्तीची अंतिम तारीख शोधयंत्राला दिसत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या पडदावाचक आज्ञावलीलाही वाचता येत नाही. तीच सूचना चार ओळींच्या युनिकोड मजकुरात दिली आणि पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतात नोंदवले, तर पडदावाचक ती मराठी उच्चाराने वाचू शकतो. स्वाक्षरीचा कागद हवाच असेल तर तो त्याखाली जोडावा. यासाठी नवे संकेतस्थळ लागत नाही, नवी निविदाही लागत नाही. सूचना टंकणाऱ्या लिपिकाच्या संगणकावर युनिकोडचा कळफलक चालू करून द्यावा लागतो, आणि पहिले काही आठवडे त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे लागते.