आजीची कुंची आणि दोन डबे

मागच्या हिवाळ्यात ताई बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे वडोदऱ्याला आली. बाळ सव्वा महिन्याचं झालं तसं बारसं ठरलं. आईची आई आमच्याकडेच राहते. तिनं आपली जुनी ट्रंक उघडून जरीची कुंची बाहेर काढली. आईच्या बारशाला तीच, आम्हा तिन्ही भावंडांच्या बारशालाही तीच. सोबत झबली, दुपटी निघाली आणि घरभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. आम्हाला तो सणाचाच वास वाटला. बाळाला कुंची घातली, फोटो काढले, आणि रात्री बाळ ट्रंकेतल्याच दुपट्यात झोपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईनं मला हाक मारली. लंगोट कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला होता. बाळाचे डोळे पिवळे, अंग पांढरंफटक, दूध ओढायची ताकद नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले होते का?"

आजी मटकन खुर्चीत बसली.

डॉक्टर म्हणाले, "जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असावी." मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते. त्या एन्झाइमची आकृती मी परीक्षेत चार वेळा काढली आहे, पूर्ण गुणही मिळवले आहेत. पण लंगोट बघून मला ते आठवलं नाही. ही खंत अजून आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

बाळाला रक्त चढवलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. त्या रात्री आजी पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "कपड्यांनी रक्त कसं गं नासतं?" तेव्हा मी तिला तिच्याच डब्यांची गोष्ट सांगितली.

आजी पूर्वी दोन डबे ठेवायची. एक रोजच्या खर्चाचा, दुसरा अडीअडचणीचा. पैसे तेच, पण या डब्यातले त्या कामाला वापरायचे नाहीत. आपल्या पेशींतही असे दोन डबे आहेत, एनएडीएच आणि एनएडीपीएच. दोघांचं काम इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचं. दोघांत फरक फक्त एका फॉस्फेटचा, पण तो फरक एन्झाइमांना बरोबर ओळखता येतो. एनएडीएच मुख्यतः रोजच्या खर्चाचं, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवण्याचं. एनएडीपीएच राखीव: नवे पदार्थ घडवायला आणि झालेली मोडतोड आवरायला.

तांबड्या पेशीत दोन्ही लागतात. हिमोग्लोबिनमधलं लोह अधूनमधून बिघडतं आणि ऑक्सिजन धरेनासं होतं. एक एन्झाइम एनएडीएच वापरून ते पुन्हा ठीक करतं. दुसरीकडे पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे पदार्थ तयार होत असतात. ते विझवायचं काम ग्लुटाथायोनचं. वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावण्यासाठी ग्लुटाथायोन रिडक्टेज या एन्झाइमला एनएडीपीएच हवं असतं.

हा राखीव डबा भरतं जी६पीडी. इतर पेशींकडे तो भरायचे आणखीही मार्ग आहेत. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नाहीत, म्हणून तिथे हा एकच मार्ग. केंद्रकही नाही, त्यामुळे जुनं एन्झाइम झिजलं की नवं बनवता येत नाही. साधारण १२० दिवसांचं आयुष्य जन्मताना मिळालेल्या शिदोरीवरच काढायचं. ज्यांचं जी६पीडी कमजोर असतं त्यांचं रोजचं चालून जातं. पण डांबरगोळीतलं नॅफ्थलीन वासातून किंवा कातडीतून शरीरात गेलं, की त्यापासून बनणारे पदार्थ एकदम मोठा खर्च अंगावर टाकतात. डबा रिकामा होतो, हिमोग्लोबिन गोठून त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटतात. लंगोटावरचा रंग त्याच हिमोग्लोबिनचा.

आजीनं सगळं ऐकलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, "माझा भाऊ तरुणपणी हिवतापाच्या गोळ्या घेऊन असाच पिवळा पडला होता. आम्ही कावीळ समजलो."

मी चमकले. प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध घेतल्यावर काहींचं रक्त का फुटतं, याचा शोध घेतानाच १९५६ साली अमेरिकेत ही कमतरता सापडली होती.

बाळाची पहिली तपासणी जवळजवळ नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले, त्यावर विसंबू नका. कमजोर जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या ताज्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा कमतरता पक्की ठरली.

मग घरात न बोललेला प्रश्न आला: कुणाकडून? हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला तो आईकडूनच मिळतो. ताई महिनाभर खालमानेनं वावरत होती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, नाक दिलंस तसं हेही दिलंस. नाकाची कुठे माफी मागतेस?" पुढे बाबांची तपासणी नॉर्मल आली, म्हणजे धागा आईकडून, आणि बहुधा आजीकडून. माझ्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता आहे आणि जिथे हिवताप फार होता तिथे ती जास्त आढळते. हिवतापापासून ती काही अंशी वाचवते, असं संशोधक मानतात.

भाचा आता घरभर पळतो. त्याच्या फाइलवर लाल शाईनं जी६पीडी लिहिलंय. कुठलंही औषध देण्याआधी ताई डॉक्टरांना ते सांगते. बाकला, म्हणजे फावा बीन, त्याला वर्ज्य. आपले वाल-पावटे ही जात वेगळी, तरी तेही ताईनं डॉक्टरांना विचारूनच सुरू केले.

तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल. बाळासाठी ती उघडण्याआधी आत काय ठेवलंय ते बघा. आणि लघवी गडद, डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट बघू नका.

आमच्या ट्रंकेत आता कडुनिंबाचा वाळका पाला आहे. कुंची आजीनं जपून ठेवली आहे. कुणाकडे बारशाचं आमंत्रण आलं की ती आधी फोन करते, "कपडे कशात ठेवलेत गं?"