न संपणारे पान

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. आलेले पत्र वाचून झाले की त्याची घडी घातली जाई. दूरदर्शनचे प्रक्षेपण रात्री ठरावीक वेळी थांबे आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागत. या प्रत्येक ठिकाणी मन क्षणभर मोकळे होते आणि 'आता पुरे की आणखी?' हा प्रश्न आपोआप समोर येत असे. हातातील मोबाइलने नेमका हाच क्षण काढून घेतला आहे.

संगणकावर पूर्वी पान खालपर्यंत वाचले की 'पुढील पान' अशी कळ दाबावी लागे. 2006 साली एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने हा खटाटोप वाचवणारी रचना तयार केली. वाचक तळाशी पोहोचण्यापूर्वीच पुढचा मजकूर येऊन जोडला जाई. हेतू निव्वळ सोयीचा होता. पुढे समाजमाध्यमांनी ही रचना उचलली आणि तिचे परिणाम पाहून खुद्द रास्किन यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला.

तथापि तळ नसणे एवढ्यानेच कोणी तासन् तास खिळून राहत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत यामागील दुसरे कारण सापडते. पेटीतील कबुतराला ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळताच ते थोडे विसावते. दाणा कधी दोन टोचण्यांनंतर, कधी पन्नास टोचण्यांनंतर मिळू लागला, की ते जवळजवळ न थांबता टोचत राहते आणि दाणे बंद झाल्यावरही बराच काळ टोचणे सोडत नाही. मटक्याच्या नादाने बसलेली घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. तेथेही माणसाला धरून ठेवणारी गोष्ट 'या खेपेस लागेल' हीच होती. पडद्यावर बोट सरकवताना दहा निरर्थक चित्रफितींनंतर अकरावी मनाजोगती निघते. ती नेमकी केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळेच बोट थांबत नाही.

मेंदूतील डोपामाइन या द्रव्याला सर्रास 'आनंदाचे रसायन' म्हटले जाते. ते अचूक नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की, सवय झाल्यावर डोपामाइनच्या पेशी फळाचा रस मिळताना नव्हे, तर तो मिळणार असल्याची खूण दिसताच उद्दीपित होतात. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी तर 'आवडणे' आणि 'हवेसे वाटणे' या मेंदूतील दोन निरनिराळ्या प्रक्रिया असल्याचे दाखवून दिले. धम्माच्या अभ्यासकांना येथे वेदना आणि तण्हा यांतील भेद आठवल्यावाचून राहणार नाही. एक तास स्क्रोल करून उठलेल्या माणसाला विचारावे, काय पाहिले? बहुधा त्याला सांगता येत नाही. आनंद केव्हाच ओसरलेला असतो. ओढ तेवढी चालू असते.

या ओढीवर व्यवसाय उभा आहे. मेटा कंपनीच्या उत्पन्नाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींतून येतो. म्हणजे आपण जितके रेंगाळू तितकी तिची मिळकत. कोणत्या चित्रफितीवर आपण किती क्षण थांबलो याची नोंद होते आणि त्यावरून पुढची निवडली जाते. आपल्याकडे सप्टेंबर 2016 नंतर जिओमुळे इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. दुकान बदलले, माल तोच राहिला.

दिवाळीच्या सुटीत घरी आलेला विद्यार्थी रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहतो तेव्हा 'पोरगा बिघडला' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी पालकांनी हे सारे ध्यानात घ्यावे. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. त्या वयाच्या एकट्या मुलाच्या निर्धाराची झुंज तज्ज्ञांनी घडवलेल्या यंत्रणेशी लावणे मला अन्यायाचे वाटते. वसतिगृहात तोच मुलगा घंटा झाली की पुस्तक मिटतो आणि दिवा मालवून झोपतो. त्याचा स्वभाव घरी पोहोचताच पालटला असे नव्हे. थांबण्याची खूण तेवढी मागे राहिली.

ती घरी निर्माण करता येते. रात्री घरातील सर्वांचे मोबाइल, आईवडिलांचे धरून, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावेत आणि पहाटेच्या गजरासाठी साधे घड्याळ आणावे. सूचनांचे आवाज बंद ठेवावेत. चित्रफिती आपोआप सुरू होण्याची सोय जेथे बंद करता येते तेथे ती बंद करावी. वेळमर्यादेची सूचना देणाऱ्या सोयीवर मात्र फार विसंबू नये, कारण ती सूचना दूर सारणारी कळही त्याच पडद्यावर असते. मुलाला काही पाहायचेच असेल तर काय पाहणार हे त्याने आधी सांगावे, तेवढे पाहावे आणि मोबाइल परत आणून द्यावा. पहिले काही दिवस घरात चिडचिड होईल. त्या दिवसांत मोठ्यांनी स्वतःचा मोबाइलही त्याच फळीवर राहू द्यावा.